गेलेला मॅनेजर आणि त्याच्यामागे निघालेली गिऱ्हाइकं

लेस्टरहून एका वाचक भगिनींचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गाभा देते:

"आम्ही नवरा-बायको मिळून पेरोल आणि बुककीपिंगची छोटी फर्म चालवतो. साठेक क्लायंट आहेत. बरीचशी रेस्टॉरंटं, काही केअर होम. २०१८ साली पेरोल क्लार्क म्हणून लागलेला एक मुलगा २०२२ मध्ये क्लायंट मॅनेजर झाला. प्रमोशनच्या पत्रात 'बाकी अटी पूर्वीप्रमाणे' एवढंच लिहिलं होतं. त्याच्याकडे बावीस क्लायंट होते. तीन आठवड्यांपूर्वी त्याने महिन्याची नोटीस दिली आणि गावातल्याच दुसऱ्या फर्ममध्ये चाललोय म्हणाला. माझं डोकं फिरलं. आजच्या आज टेबल रिकामं कर, म्हटलं. नोटीसच्या महिन्याचा पगार आणि मागच्या तिमाहीचं कमिशन मी अडवून ठेवलंय. आता दोन क्लायंट त्याच्याकडे गेलेत. दोघांचे मिळून महिन्याला ६८० पाउंड यायचे. त्याच्या २०१८ च्या करारात आहे की बारा महिने युनायटेड किंगडममध्ये कुठल्याही स्पर्धक व्यवसायात काम करायचं नाही. आणि शेवटच्या वर्षात ज्या क्लायंटचं काम त्याने स्वतः पाहिलं त्यांना सहा महिने खेचायचं नाही, त्यांचं कामही घ्यायचं नाही. पुण्याचे माझे दीर वकील आहेत, ते म्हणतात असली कलमं म्हणजे रद्दी. इथली मैत्रीण म्हणते, सही आहे ना त्याची, मग खेच कोर्टात. मला त्याला धडा शिकवायचाय. आणि उरलेल्या तिघांकडून कडक करारावर लगेच सह्या घेऊ का?"

ताई, आधी त्याचे पैसे द्या.

नोटीसच्या महिन्याचा पगार आणि कमिशन, दोन्ही, याच आठवड्यात, आणि "अमुक लिहून दिलंस तर देते" अशी अट न घालता. तुम्ही विचारलंत त्याच्या करारातल्या कलमांबद्दल आणि मी सुरुवात तुमच्याच चुकीपासून करतेय, हे रुचणार नाही. पण तुमची हकीकत त्याच्या सॉलिसिटरच्या कानावर गेली की तो कलमं वाचण्याआधी इथेच बोट ठेवील.

१९०९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हाचं इथलं सर्वोच्च कोर्ट) जाहिरातींची पोस्टरं लावणाऱ्या एका कंपनीच्या मॅनेजरचा खटला आला होता: जनरल बिलपोस्टिंग विरुद्ध अ‍ॅटकिन्सन. कंपनीने त्याला ठरलेली नोटीस न देता काढलं, आणि तो त्याच धंद्यात उतरल्यावर करारातलं बंधन पुढे केलं. निकाल असा लागला की मालकाने करार मुळातूनच मोडला, नोकराने तो संपला असं धरलं, आता त्याच करारातलं आपल्या सोयीचं कलम मालकाला वापरता येणार नाही. या निकालावर पुढे टीका झाली, तरी तो अजून उभा आहे. "नोकरी कायदेशीर रीतीने संपो की बेकायदेशीर, हे बंधन राहीलच" असं लिहून ठेवण्याची युक्ती वकिलांनी काढली होती. १९९६ मध्ये रॉक रेफ्रिजरेशनच्या प्रकरणात अपील कोर्टाने स्पष्ट केलं की मालकानेच करार मोडला असेल तर अशा शब्दांनी बंधन वाचत नाही.

म्हणून आज रात्री करार काढा आणि त्यात नोटीसऐवजी पगार देऊन लगेच मोकळं करण्याचं कलम आहे का ते बघा. इथे त्याला 'पायलॉन' म्हणतात. असेल, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवण्याचा हक्क तुम्हाला होता. राहिलं ते पैसे देणं, आणि ते झटपट दिले तर तुमची बाजू बऱ्यापैकी शाबूत आहे असं म्हणता येईल. नसेल, तर तुम्ही करार मोडलात असं म्हणायला त्याला मोकळं रान आहे. नंतर दिलेल्या पैशांनी तो भंग पुसला जात नाही, हेही सांगून ठेवते. मग द्यायचे कशाला? एक तर ते त्याचे आहेत आणि कमिशनसाठी तो नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या ट्रायब्युनलमध्ये जाऊ शकतो. दुसरं, मनाई हुकूम ही कोर्टाच्या मर्जीतली गोष्ट; तो मागायला येणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावेत अशी इथल्या न्यायाधीशांची जुनी अपेक्षा आहे. कामगाराचा पगार दाबून "माझ्यावर अन्याय झाला" म्हणत जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

(करारात 'गार्डन लीव्ह' असती तर सगळंच सोपं होतं. महिनाभर पूर्ण पगार देऊन त्याला घरी बसवायचं. तेवढे दिवस तो तुमचाच नोकर, दुसरीकडे काम नाही, क्लायंटना फोन नाही, आणि तोवर तुम्ही ते बावीस जण सांभाळून घेतले असते.)

आता तुमच्या दोन सल्लागारांकडे वळू. दीर चुकले नाहीत, फक्त ते पुण्यातून बोलताहेत. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंदा गुडविलसकट विकला असेल तर अपवाद, पण 'बंधन वाजवी आहे' ही सबब नोकरी संपल्यानंतर तिथे चालत नाही. नोकरीची मुदत चालू असताना मात्र बंधन टिकतं. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा १९६७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दिरांना पाठ असेल. कल्याणच्या टायर कॉर्डच्या कारखान्यातला हा माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला, आणि कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं. मुदत संपल्यावर नव्हे. तुमचा करार मात्र लेस्टरचा, काम लेस्टरचं, कायदा इंग्लंडचा. इथे वाजवीपणाचं दार उघडं आहे.

उघडं आहे, सताड नाही. मैत्रिणीचा सल्ला तिथे अडखळतो. इंग्लंडमध्येही मूळ नियम हाच की धंद्याला आडकाठी करणारं कलम रद्द. ते टिकवायचं तर ज्याला ते हवं त्याने दाखवायचं की आपल्या एखाद्या न्याय्य हिताच्या रक्षणासाठी ते आहे आणि त्यासाठी लागतं त्यापेक्षा जास्त रुंद नाही. सही आहे एवढ्याने भागत नाही. १८९४ च्या नॉर्डनफेल्ट खटल्यात तोफा-दारूगोळ्याच्या कारखानदारावर पंचवीस वर्षांचं, जवळपास जगभराचं बंधन कोर्टाने टिकवलं, कारण त्याने धंदा विकून भरभक्कम किंमत घेतली होती. नोकराला ती फूटपट्टी लावत नाहीत. १९१३ मध्ये इझलिंग्टनमध्ये दारोदार फिरणाऱ्या एका विक्रेत्याला लंडनच्या पंचवीस मैलांच्या आत तीन वर्षं असं काम करायचं नाही असं बांधलं होतं. लॉर्ड्सने ते झिडकारलं. १९१६ च्या हर्बर्ट मॉरिस विरुद्ध सॅक्सेल्बीमध्ये तर सरळच म्हटलं की गिऱ्हाइकांशी जुळलेले संबंध आणि गुपितं ही मालकाची मालमत्ता, पण नोकराने नोकरीत कमावलेलं कसब त्याचं स्वतःचं. नुसती स्पर्धा नको म्हणून कुणाला बांधता येत नाही.

यावर तुमचं बारा महिन्यांचं कलम घासून बघा. लेस्टरची साठ क्लायंटची फर्म, आणि बंदी अ‍ॅबर्डीनपासून प्लिमथपर्यंत. त्यावर आणखी एक अडचण. कलम वाजवी आहे की नाही हे करार झाला त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरतं, माणूस सोडून गेला त्या दिवशीच्या नव्हे. २०१८ साली तो क्लार्क होता. पेरोल क्लार्कला वर्षभर देशात कुठेही त्याच धंद्यात काम न करू देण्याचं काय कारण सांगणार? २०१२ च्या पॅटसिस्टिम्स विरुद्ध नीली या खटल्यात जवळजवळ हेच घडलं. ज्युनियर अकाउंट मॅनेजर असताना बारा महिन्यांचं बंधन लिहून घेतलं, पुढे तो डायरेक्टर झाला, बढतीच्या पत्रात बाकी अटी तशाच म्हटलं. हायकोर्टाने सांगितलं, सुरुवातीला जे टिकत नव्हतं ते बढतीने टिकाऊ होत नाही. तुमचं २०२२ चं पत्र वाचून मला तोच निकाल आठवला.

कोर्टाने नको तो भाग खोडून उरलेलं चालवावं, अशी आशा असेल तर तेही बघू. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने टिलमन विरुद्ध इगॉन झेंडरमध्ये असं केलं. मोठे अधिकारी शोधून देणारी ही फर्म. सोडून जाणाऱ्या बाईंवर सहा महिने स्पर्धक धंद्यात 'हितसंबंध' ठेवण्याचीही बंदी होती, म्हणजे दोन शेअर घेतले तरी कराराचा भंग. कोर्टाने तेवढे शब्द उडवले आणि उरलेलं कलम टिकवलं. पण या 'निळ्या पेन्सिली'ने (अशा खोडण्याला इथे हेच म्हणतात) शब्द खोडता येतात, नवे लिहिता येत नाहीत. तुमच्या 'युनायटेड किंगडम'च्या जागी न्यायाधीश 'लेस्टर' घालणार नाहीत, 'बारा'चे 'तीन' करणार नाहीत. शिवाय त्याच निकालात लॉर्ड विल्सन यांनी अशा अवाजवी कलमांना 'कायद्याचा कचरा' म्हटलं जातं याची आठवण दिली, आणि जिंकणाऱ्या कंपनीलाही खर्चाच्या बाबतीत त्याचा चटका बसू शकतो असं सुचवलं. त्या बाईंवरचं बंधन जुलै २०१७ मध्येच संपलं होतं, निकाल आला जुलै २०१९ मध्ये.

तेव्हा माझं मत: बारा महिन्यांचं कलम विसरा. पत्रात त्याचा उल्लेखही करू नका; ते वाचून समोरचा वकील हसेल आणि तुमच्या चांगल्या कलमाकडेही हसतच बघेल.

चांगलं कलम सहा महिन्यांचं आहे, आणि ते ज्याने लिहिलं त्याला मानलं पाहिजे. ऑफिस एंजल्स नावाच्या नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीचा १९९१ चा खटला आठवतो. तिथे सोडून गेलेल्यांवर हजारो गिऱ्हाइकांची बंदी होती, प्रत्यक्ष ओळख शंभरेकांशी. वर शाखेपासून तीन हजार मीटरच्या आत तसला धंदा करायचा नाही असंही होतं, जेव्हा सगळी कामं फोनवर चालत. अपील कोर्टात ते पडलं. तुमच्या कलमात मात्र फक्त शेवटच्या वर्षात त्याने स्वतः हाताळलेले क्लायंट आहेत. म्हणजे तो क्लार्क असता तर दोन-चार, मॅनेजर झाला तर बावीस. बंधन त्याच्या जागेबरोबर आपोआप लहान-मोठं होतं, म्हणून २०१८ च्या तारखेचा आक्षेपही इथे बोथट होतो. दुसरं, 'खेचायचं नाही' इतकंच न म्हणता 'काम घ्यायचं नाही' असंही म्हटलंय. उद्या रेस्टॉरंटवाला सांगेल की मला कुणी बोलावलं नाही, मी आपणहून गेलो. पहिल्या अटीपुरतं ते उत्तर चालेल, दुसऱ्या अटीपुढे चालणार नाही.

आता हिशेब. गेलेले दोन क्लायंट ६८० पाउंडचे. सहा महिन्यांचे ४,०८० झाले. त्यातून तुमचा वाचलेला खर्च वजा जाईल, कारण भरपाई बुडालेल्या नफ्याची मिळते. "त्याला मोकळं करायला मी किती मागितले असते" असा आकडा लावून पैसे मागण्याचा मार्ग अशा प्रकरणांत २०१८ च्या वन स्टेप खटल्याने बहुतेक बंदच केला. दहा हजारांच्या आतला साधा पैशांचा दावा छोट्या दाव्यांसाठीच्या 'स्मॉल क्लेम्स'मध्ये जातो, तिथे जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून जवळजवळ मिळत नाही. ट्रायब्युनलला ही बंधनं बघण्याचा अधिकारच नाही. आणि मनाई हुकूम मागायला गेलात तर खर्च सहज पाच आकडी, हरलात तर त्याच्या वकिलाचाही मोठा हिस्सा तुमच्या डोक्यावर, वर कोर्टाला हमी द्यायची की हुकूम शेवटी चुकीचा ठरला तर त्याचं झालेलं नुकसान तुम्ही भरून द्याल. घर गहाण असलेल्या नवरा-बायकोने अशी हमी हसत-खेळत देऊ नये.

म्हणजे गेलेले दोघे हा लढण्याचा विषय नाही. उरलेले वीस आहेत.

त्यांच्यासाठी कोर्टाची नाही, पत्राची गरज आहे. पैसे पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी सॉलिसिटरकडून त्याला एक शांत पत्र जाऊ दे: सहा महिन्यांचं कलम असं आहे, दोन क्लायंट आलेले दिसताहेत, उरलेल्या वीस जणांचं काम अमुक तारखेपर्यंत घेणार नाहीस अशी लेखी हमी दे, तू त्या फर्ममध्ये काम करण्याला आमची हरकत नाही. हे शेवटचं वाक्य गिळायला जड जाईल. पण त्याच वाक्यामुळे तो सही करण्याची शक्यता वाढते, कारण त्याला नोकरी टिकवायची आहे, तुमच्याशी लढायचं नाहीये. गेलेल्या दोघांचं पाणी सोडण्याचा प्रस्ताव असेल तर तो वेगळ्या, 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलेल्या पत्रात जावा, म्हणजे पुढे कोर्टात दाखवता येणार नाही.

नव्या फर्मलाही कलमाची प्रत जाऊ दे. दुसऱ्याचा करार मोडायला जाणूनबुजून उद्युक्त करणं हा इथे वेगळा दोष आहे. १८५३ मध्ये एका ऑपेरा गायिकेला एका थिएटरवाल्याने दुसऱ्याकडून फोडलं, तेव्हापासूनचा. माहीत नव्हतं असं त्या फर्मला यापुढे म्हणता येऊ नये, एवढाच हेतू. त्या पत्रात 'चोर', 'विश्वासघातकी' असले शब्द नकोत.

हमी द्यायला नकार आला आणि वीसपैकी चार-पाच एकदम हलू लागले, तरच मनाई हुकूमाचा विचार करा, आणि तोही लगेच. अंतरिम अर्जावर १९७५ च्या अमेरिकन सायनामिड खटल्यातल्या कसोट्या लावतात: वादात काही दम आहे का, पैशाने भागेल का, कुणाची गैरसोय जास्त. पण बंधनच सहा महिन्यांचं आणि खटला उभा राहीपर्यंत ते संपणार, अशा वेळी न्यायाधीश बाजू कुणाची भक्कम आहे हेही चाचपतात. तिथे तुमचा त्या दिवशीचा राग पुन्हा समोर येईल. उशीरही तुमच्याविरुद्ध मोजला जातो. तीन आठवडे गेलेच आहेत.

तुम्ही पत्रात न विचारलेली एक गोष्ट मला जास्त सतावतेय. जाण्यापूर्वी त्याने काही स्वतःच्या ईमेलवर पाठवलं का? लॉग बघा, आजच. मालकाच्या नोकरीत असताना गिऱ्हाइकांची यादी उतरवून नेणं हा विश्वासभंग आहे, कलम असो वा नसो. १८९५ मध्ये तितराच्या जातीचे शिकारीचे पक्षी विकणाऱ्या एका धंद्यातल्या मॅनेजरने हेच केलं आणि तो अडकला. डोक्यात राहिलेल्या माहितीचं तसं नाही. १९८६ च्या फॅसेंडा चिकन खटल्यात व्हॅनमधून कोंबडी विकणाऱ्यांनी जुन्या मालकाचे मार्ग, गिऱ्हाइकं आणि भाव लक्षात ठेवून नवा धंदा मांडला. करारात बंधन नव्हतं, म्हणून मालक हरला.

आणि तुमचा धंदा कोंबडीचा नाही, पेरोलचा आहे. त्या फायलींत शेकडो माणसांचे पगार, पत्ते, नॅशनल इन्शुरन्स नंबर आहेत. त्या त्याने नेल्या असतील तर २०१८ च्या डेटा कायद्याच्या कलम १७० खाली तो गुन्हा ठरू शकतो. पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही. ज्या क्लायंटच्या वतीने तुम्ही ती माहिती सांभाळता त्यांना ते विनाविलंब कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि माणसांना धोका संभवत असेल तर त्या क्लायंटना ७२ तासांत माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. ज्या क्लायंटना धरून ठेवायचंय त्यांनाच हे सांगायचं, नकोसं आहे खरं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते एका फोनसरशी जातील.

सरकार ही कलमं बंदच करणार, असं ऐकून थांबायचा विचार असेल तर नको. २०२३ च्या मे महिन्यात नोकरीनंतरच्या स्पर्धाबंदीवर तीन महिन्यांची मर्यादा घालू असं जाहीर झालं होतं, कायदा झाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या सरकारने पुन्हा पर्याय मांडले. ती चर्चा स्पर्धाबंदीची आहे, तुमच्या सहा महिन्यांच्या कलमाची नाही.

राहिले तुमचे तिघे. त्यांच्यापुढे उद्याच करार ठेवून "सही करा" म्हणू नका. चालू नोकरीत नवं बंधन घालायचं तर त्याच्या बदल्यात काहीतरी खरं द्यावं लागतं. नुसतं "तुमची नोकरी चालू राहील" हे कोर्टात पुरेलच असं नाही. एप्रिलच्या पगारवाढीसोबत द्या, आणि वाढ या अटींसाठी आहे हे पत्रात लिहा. प्रत्येकाचा करार त्याच्या कामापुरता: जो क्लायंटशी बोलतच नाही त्याला क्लायंटचं बंधन कशाला? पायलॉन आणि गार्डन लीव्ह मात्र तिघांच्याही करारात घाला. आणि पुढच्या वेळी कुणाला बढती दिलीत तर 'बाकी अटी पूर्वीप्रमाणे' न लिहिता त्याच दिवशी नवा करार करा.

वीस क्लायंटना फोन तुम्ही स्वतः करा, यजमानांवर सोपवू नका; ते लोक तुम्हाला ओळखतात.